मुस्लिम समाजाच्या वतीनं दोन शब्द

माईक हातात आला की माणूस पहिल्यांदा त्यात फुंकतो. आमदार असो, महाराज असो की नवरदेवाचा मामा असो. आत कागदासारखी पातळ चकती असते. तिच्यावर थुंकी उडते, ती खराब होते आणि मग तोच माणूस म्हणतो, "युसूफभाई, तुमचा माईक खरखर करतोय." मी उभी हयात लोकांना हात जोडून सांगितलं की फुंकू नका, टिचकी मारा. एकानंही ऐकलं नाही. बोलायला मिळालं की माणसाचं ऐकणं बंद होतं, हे मला धंद्याच्या पहिल्या वर्षीच कळलं.

माझं नाव युसूफ. धाराशिव जिल्ह्यात, बेंबळीच्या अलीकडं आमचं गाव. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि ज्यांना नाही त्यांनी शोधत यायचं कारण नाही. एस.टी.च्या थांब्यासमोर माझं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. लग्न, सप्ताह, उरूस, जयंती, प्रचारसभा, जिथं कुणाला मोठ्यानं बोलायचं असेल तिथं मी वायरी खांद्यावर टाकून हजर. आता गुडघे कुरकुरतात, खांबावर चढवत नाही, म्हणून दुकान बंद केलं. रिकामपणी हे लिहितोय.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय अवघड आहे, वायर जोडली की झालं. तसं नसतं. भोंगा कुठं तोंड करून बांधायचा, वारा कुठून येतो, समोर पत्र्याचं शेड आहे की भिंत, बोलणारा माईक गिळून बोलतो की हातभर लांब धरतो, हे सगळं आधी बघावं लागतं. भोंग्याचं तोंड माईककडं झालं तर भोंग्याचाच आवाज माईक परत ऐकतो, परत मोठा करतो, आणि शेवटी कानाचे पडदे फाडणारी शिट्टी निघते. दोन पुढारी एकाच व्यासपीठावर बसवले की साधारण हेच होतं, पण त्याला माझ्याकडं इलाज नव्हता.

कीर्तनकार महाराज म्हणायचे, "युसूफभाई, जरा आवाजात गाभारा घाला." जलशाला, म्हणजे आमच्याकडच्या प्रवचनाला, आलेले मौलाना म्हणायचे, "थोडा गुंबद डालो, मियाँ." आवाज घुमवायचं बटण एकच होतं. ते मी दोघांसाठी सारखंच फिरवत होतो आणि दोघंही खूश होत होते.

मी धर्म कसा सोडला, असं लोक विचारतात. कुणी पुस्तक दिलं का, कुणी नादी लावलं का, बाईची काही भानगड होती का. तसलं काही नाही. मला धर्म फार ऐकावा लागला. भाविक कीर्तनात डुलकी काढू शकतो, मध्येच उठून घरी जाऊ शकतो. साऊंडवाल्याला ते जमत नाही, त्याला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत कान देऊन बसावं लागतं. सोमवारी एक सांगायचा की खरं तेवढं आमच्याकडंच आहे. गुरुवारी दुसरा तेच सांगायचा, त्याच माईकवरून. दोघांच्याही आवाजात खोट नव्हती, ही तर खरी अडचण. वीस-बावीस वर्षं हे ऐकल्यावर एका शुक्रवारी मी दुकानात ॲम्प्लिफायर उघडून बसलो होतो, नमाजची वेळ झाली आणि मी उठलो नाही. आभाळ कोसळलं नाही. पुढच्या शुक्रवारीही उठलो नाही.

मोहल्ल्याला हे ठाऊक होतं, पण त्याचा कुणाला त्रास नव्हता. रमजानमध्ये थांब्यावरच्या हॉटेलाला गोणपाटाचा पडदा लागायचा, आत रोजा न धरणारे बसायचे. तिथला कायदा एकच, कुणी कुणाला ओळखायचं नाही. मी भज्यांची प्लेट घेऊन बसलो की समोरच्या बाकावर मशिदीच्या कमिटीतले एक सदस्य पेपर तोंडासमोर धरून चहा पीत असायचे. आम्ही एकमेकांना अनेक वर्षं पाहिलं नाही. मी जर आयुष्यभर त्या पडद्यामागंच राहिलो असतो, तर आज माझ्याबद्दल कुणाची एका शब्दाची तक्रार नसती. आमच्याकडं न मानणाऱ्याला जागा आहे. त्यानं ते बोलू नये एवढंच.

आणि मी बोललो. तेही मोठ्यानं.

झालं असं. गावच्या शाळेत दरवर्षी सर्वधर्म समभावाचा कार्यक्रम असतो. स्टेजवर एक महाराज, एक भंतेजी आणि एक मुसलमान लागतो. मुसलमानाच्या जागेवर मशिदीच्या कमिटीचे अध्यक्ष हाजीसाहेब ठरलेले. वयानं सत्तरीचे, दाढी पांढरीशुभ्र, वागायला गोड. दरवर्षी ते तेच बोलायचे, की आपला देश म्हणजे फुलांचा गुच्छ आहे, आणि नारळ घेऊन खाली उतरायचे. त्या वर्षी ते डोळ्याच्या ऑपरेशनला सोलापूरला गेलेले. हेडमास्तर घाबरे होऊन माझ्याकडं आले.

"युसूफभाई, मुसलमान कमी पडतोय बघा. चला वर."

"सर, मी माईकवाला आहे."

"व्हय की, पण नाव युसूफच हाय न्हवं? दोन शब्द बोला मुस्लिम समाजाच्या वतीनं आन् बसा खाली."

लोक माझ्या वायरीवरून चालत स्टेजवर जायचे, मी स्वतः कधी वर गेलो नव्हतो. माईक हातात घेतला. (फुंकलं नाही.) समोर गाव बसलेलं. फुलांचा गुच्छ म्हणणार होतो, खरंच. तोंडापर्यंत आलंही होतं. पण हेडमास्तरांनी ओळख करून दिली, "नमाजी, धर्मनिष्ठ व्यक्तिमत्त्व." आणि माझं डोकं सरकलं.

मी म्हणालो, "सरांनी खोटं सांगितलं. मी नमाज सोडून बरीच वर्षं झाली. मी मुसलमानाच्या घरात जन्मलो, पण आता मी मुसलमान नाही. दुसरा कुठला धर्मही घेतलेला नाही. तुम्हा सगळ्यांचे देव मी या माईकवरून ऐकले, मला कुणी पटला नाही. माझी कुणाशी दुश्मनी नाही. पण मुस्लिम समाजाच्या वतीनं बोलायचा मला हक्क नाही, म्हणून माझ्या वतीनं बोललो."

हेडमास्तरांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या, मग एकट्याच्याच वाजताहेत हे लक्षात आल्यावर थांबले. नारळ मात्र दिला.

आता यात चूक कुठं झाली ते सांगतो. एवढं बोलणं शाळेच्या मैदानातच विरून गेलं असतं. पण हेडमास्तरांचा आग्रह होता की पोरांची गाणी घरी बसलेल्या आयाबायांनाही ऐकू यावीत. म्हणून सकाळीच मी शाळेच्या गच्चीवर चार दिशांना चार भोंगे बांधले होते. पश्चिमेचा तर वारा बघून, नेम धरून, बरोबर आमच्या गल्लीच्या तोंडावर. माझी बायको जुबेदा, पाच वेळची नमाजी, दारात उभी होती. डोळे रडून लाल.

"पूरी गल्लीनं सुना," ती म्हणाली. "एकेक लफ्ज साफ."

इतक्या वर्षांच्या धंद्यात माझ्या कामाची अशी तारीफ कुणी केली नव्हती. पण ते बोलून दाखवायची ती वेळ नव्हती.

कुणी दगड मारला नाही, कुणी अंगावर आलं नाही. उगाच वाढवून कशाला सांगू? फक्त सलाम बंद झाले. मी सलाम केला की समोरच्याला नेमकं त्याच वेळी चपलेत खडा सापडायचा. जुबेदाला लग्नाची आमंत्रणं येईनात. ती बिचारी काहीच बोलली नव्हती, शिक्षा तिलाच जास्त. हाजीसाहेब सोलापूरहून डोळ्याला हिरवी पट्टी लावून आले ते थेट माझ्याकडं.

"तू नमाज नई पढता, हमने कभी पूछा क्या?"

"नाही, चाचा."

"फिर तू कायकू बोल्या? एक बार आके सब के सामने कलमा पढ, बोल जुबान फिसल गई. बात खतम."

म्हातारा मनापासून माझ्या सोयीचं बघत होता. मी म्हणालो, "चाचा, जुबान नाही घसरली." ते चहा न घेता गेले.

इथवर माझी बाजू बरी होती. पुढची चूक मात्र माझी आणि ती मला अजून टोचते.

गळ्यात उपरणी घातलेले काही कार्यकर्ते तालुक्याहून दुकानात आले. हार घेऊन. "काका, तुमच्यासारख्या धाडसी मानसाला ऐकायचंय आमाला. मेळाव्यात या. मोकळं बोला." घरचे ऐकत नव्हते, गल्ली ऐकत नव्हती, आणि हे लोक गाडी घेऊन आले होते. मी भाळलो. जुबेदा म्हणाली, "नक्को जाव." गेलो.

स्टेजवर चढताना एकानं हातात चिठ्ठी दिली. काय बोलायचं ते लिहून. मोकळं बोलण्याची त्यांची तऱ्हा ती अशी. मी चिठ्ठी खिशात घातली आणि माझं बोललो. धर्म सोडताना काय वाटलं, गल्ली कशी तुटली, बायको कशी रडली. टाळ्याच टाळ्या. शिट्ट्या. जन्मात पहिल्यांदा माझ्या बोलण्याला टाळ्या पडत होत्या, आणि चढतात हो त्या, दारूसारख्या चढतात. मग मी पुढचं बोललो, की इकडून निघालो म्हणजे तुमच्याकडं आलो असं समजू नका, तुमचंही मला पटत नाही, आणि माझ्या गल्लीतल्या माणसांना कुणी शिव्या दिल्या तर मी त्यांच्या बाजूनं उभा राहीन. टाळ्या थांबल्या. मी जोरात बोलत राहिलो. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की माईक मेलेला आहे. अख्खा जन्म माईकमध्ये घालवलेला माणूस मेल्या माईकवर बोलत होता!

साऊंड ढोकीच्या दत्ताचा होता. माझा जुना व्यवसायबंधू. खाली उतरल्यावर त्यानं मला बाजूला ओढलं. "दादा, आईशप्पथ, म्या बंद न्हाय केला. त्यांनी पिनच उपसली. चला आता हितनं." गाडी देणाऱ्यांनी परतीची गाडी काही दिली नाही. दत्ताच्या टेम्पोत भोंग्यांच्या मधे बसून मी घरी आलो.

दोन दिवसांत ते भाषण मोबाईलवर आलं. पहिलं अर्धं. दुसरं अर्धं कापलेलं. वर घाण घाण मजकूर. आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांना धाराशिवच्या स्टँडवर अडवून ते दाखवलं गेलं, अडवणारे हसले, नको ते बोलले. हाजीसाहेबांच्या नातवालाही. या वेळी हाजीसाहेब घरात आले नाहीत, उंबऱ्याबाहेरूनच बोलले.

"तेरा बोलना तेरा. पर बंदूक उनकी, कंधा तेरा, और गोली हम कू लगी."

मी खरं बोललो होतो आणि त्या खऱ्याचा कुणी दगड करून माझ्याच माणसांना मारला होता. कमिटीनं ठरवलं, की यापुढं युसूफच्या घरचं काहीही मशिदीतून पुकारलं जाणार नाही.

हे ऐकून माझी अम्मा उठून बसली.

अम्माचं वय ऐंशीच्या वर. अब्बा जाऊन जमाना झाला होता. आमच्याकडं माणूस गेलं की मशिदीच्या भोंग्यावरून एलान होतं, कोण गेलं आणि जनाजा किती वाजता. ते ऐकून लोक हातातलं काम टाकून येतात. एलान नाही म्हणजे माणसं नाहीत, म्हणजे मेल्यावर चार घरची माणसं गुपचूप उचलून नेणार. तो भोंगा मशिदीवर मीच बसवलेला होता, आणि त्याच्यावरून आपलं जाणं गावाला कळावं एवढी एकच हौस अम्माची उरलेली.

"तू अल्ला कू नई मानता, मत मान," ती म्हणाली. "वो तेरा और उसका देख लेव. पर मेरी मय्यत का एलान होना. मैं कुत्ते के जैसी नई जाती."

"अम्मा, मी जाऊन बोलतो."

"बोल मत," अम्मा म्हणाली. "तेरे बोलने से तो ये हुआ. जा के सुन."

गेलो. हाजीसाहेबांसमोर ऐकत बसलो. ते पाऊण तास बोलले. मी शेवटी एवढंच म्हणालो, "त्या मेळाव्याची माफी मागतो. शाळेत जे बोललो त्याची मागणार नाही. अम्माचा यात काय गुन्हा?" ते छताकडं बघत म्हणाले, "देखेंगे." आमच्या भागात 'देखेंगे'चा अर्थ देखनेवाला देखेपर्यंत कुणालाच माहीत नसतो.

थंडीत अम्मा गेली. सकाळी दहाच्या सुमाराला, चहा बशीत ओतून मागितला आणि तो प्यायलीच नाही. मी मशिदीत निरोप पाठवला आणि अंगणात येऊन उभा राहिलो, कान भोंग्याकडं. अर्धा तास काही नाही. जुबेदा दारातून नुसती बघत होती. मग भोंगा खरखरला. बांग देणारे मस्तानचाचा, म्हातारे, दात नसलेले, एलान करू लागले.

"मरहूम महेबूब शेख की बीवी का इंतकाल हो गया है. जनाजे की नमाज असर के बाद."

म्हणजे हाजीसाहेबांनी देखलं होतं. अब्बांच्या नावानं एलान झालं, दुपार कलल्यावरची नमाजही ठरली, माझं नाव तेवढं वगळलं. मी मनात म्हटलं, ठीक आहे, अम्माचं काम झालं. आत जाऊन तिला सांगितलंसुद्धा.

पण कुणी येईना. शेजारच्या दोन बाया आल्या, बस. अर्धा तास, पाऊण तास. जुबेदा म्हणाली, "आनेवाले नई." मी मान खाली घालून बसलो. आणि तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतून बायकांचा आक्रोश ऐकू आला.

आमच्याकडं बाईचं नाव भोंग्यावर घेत नाहीत. ती कुणाची तरी बीवी असते किंवा कुणाची तरी वालिदा, म्हणजे आई. आणि गावात मरहूम महेबूब शेख दोन. एक माझे अब्बा, गाडीवान. दुसरे टेलर, त्यांचा मुलगा सलीम धाराशिवला असायचा. हाजीसाहेबांनी माझं नाव टाळायच्या नादात लोकांना कुठल्या महेबूबकडं जायचं तेच सांगितलं नव्हतं. सगळा मोहल्ला टेलरच्या दारात. टेलरची म्हातारी बाजेवर बसून तूर निवडत होती. बायांनी आत शिरून तिच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला.

"अगे मैं मरी नई गे! छोडो मेरे कू! सूप सांड्या ना मेरा!"

कुणी तरी फोन केल्यामुळं सलीम मोटारसायकलवर रडत रडत आला. आई पान चघळत बसलेली बघून आधी तिच्या पायावर पडला, मग उठून तडक मशिदीत गेला. तिथं काय झालं ते मस्तानचाचांनी मला नंतर सांगितलं. हाजीसाहेब म्हणत होते, "पत्ता बोलो, थांबे के पीछे का घर बोलो." एक जण म्हणाला, "पहिले वाले महेबूब की बीवी." दुसरा म्हणाला, पहिले कुठले आणि दुसरे कुठले? शेवटी सलीम ओरडला, "मेरी माँ कू जीते जी मारे तुम! सीधा बोलो ना, माईकवाले युसूफ की माँ!"

भोंगा पुन्हा खरखरला. मस्तानचाचांनी घसा साफ केला.

"एलान में गलती हुई, माफ करना. माईकवाले युसूफ की वालिदा का इंतकाल हुआ है. माईकवाले युसूफ की वालिदा."

दोनदा बोलले. मी अंगणात मोठ्यानं रडायला लागलो. दहा मिनिटांत गल्लीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. अम्माचं नाव हाजराबी होतं. ते सरळ पुकारलं असतं तर एवढं रामायण घडलंच नसतं, पण ते ना हाजीसाहेबांना सुचलं, ना सलीमला, ना मला. मी इतका मोठा शहाणा, मलाही नाही.

खांदा द्यायला चढाओढ. माझ्याशी कुणी बोललं नाही, पण खांद्याला खांदा लावताना चपलेतला खडा कुणाला आठवला नाही. कब्रस्तानाच्या मैदानात नमाजसाठी रांगा लागल्या. रांगेत उभं राहावं असं फार वाटलं. अम्माला बरं वाटलं असतं, कुणाचं काय गेलं असतं? पण मग शाळेतलं बोलणं खोटं झालं असतं. मी मागं लिंबाखाली, ढोकीहून आलेल्या दत्ताच्या शेजारी उभा राहिलो.

नमाज सुरू करण्याआधी इमाम मय्यतीच्या सगळ्यात जवळच्या वारसाची परवानगी घेतो. इमाम नवा होता, बाहेरगावचा, त्याला काही माहीत नव्हतं. त्यानं विचारलं, "वारिस कौन है?"

हाजीसाहेब पायांकडं बघत होते. मग पहिल्या रांगेतून मस्तानचाचांचा बोळका आवाज आला.

"पीछे खडा है. अकेला वोहीच है."

सगळ्या माना मागं वळल्या. इमामानं रांगांवरून माझ्याकडं बघितलं.

"इजाजत है?"

मी बोललो, पण आवाजच फुटला नाही. माझा मलाही ऐकू आला नाही. इमामानं कानाला हात लावला. आणि हाजीसाहेब, पट्टी निघालेल्या त्या डोळ्यानं माझ्याकडं बघत, म्हणाले, "जोर से बोल बेटा. सुनाई नई आया."

"है," मी म्हणालो. "इजाजत है."

तेवढं सगळ्यांनी ऐकून घेतलं.